आडे मॅडम आणि पांढरी पावडर

आधी ज्यांच्यामुळे मी हे लिहायला शिल्लक आहे त्यांची नावं सांगतो, मग काय झालं ते. पहिल्या डॉक्टर आडे मॅडम, आमच्या तालुक्याच्या आरोग्य अधिकारी. दुसऱ्या त्यांच्यासोबतच्या कांबळे सिस्टर. तिसरे बोरी अरबकडचे देवरावभाऊ. या देवरावभाऊंनी मला आधी जवळजवळ मारलं आणि नंतर स्वतःच येऊन वाचवलं, म्हणून त्यांचं नाव शेवटी.

तालुक्याच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसाला आर्णीच्या बाजारात अजून विचारतात, "काय भाऊ, पावडर लावून आले काय?" त्यात माझी भर नको.

मी कुडाळच्या पुढचा. आठवीत शाळा सुटली. मग इकडे तिकडे करत, मामाच्या ओळखीने, यवतमाळ जिल्ह्यात कुरिअरच्या कामाला लागलो. मोटरसायकल, पाठीला पिशवी आणि गावातल्या प्रत्येक कचेरीचा दरवाजा. स्वभाव घाबरट. शिंक आली तरी मी नाडी बघतो. आणि नाडी मला सापडत नाही, म्हणून जास्त घाबरतो.

आडे मॅडमची आणि माझी ओळख पार्सलामुळेच झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कोठचा रे तू? बोलणं आपल्याकडचं नाही तुह्यं."

"कुडाळच्या पुढचा, मॅडम."

"म्हणजे मालवण."

"मालवण नाही मॅडम, कुडाळच्या..."

"तेच ते. मालवण, इथं सही कुठी करू?"

तेव्हापासून मी मालवण. माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारायची त्यांची सवयच होती. कांबळे सिस्टर तेवढ्या सिस्टर, बाकी त्यांचा ड्रायव्हर घाटंजी, शिपाई उमरखेड, आणि एकदा नागपूरहून कोणी बडे साहेब तपासणीला आले तर त्यांनाही बोलण्याच्या भरात, "नागपूर, चहा घ्या ना बाप्पा," म्हणून गेल्या. साहेबांनी चहा घेतला.

मॅडम ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, केस आखूड, पायात कायम बूट. साडीवर बूट. तांड्यातल्या बंजारा घरातून शिकून डॉक्टर झालेल्या. पण डॉक्टर म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते त्या क्वचितच करायच्या. रोग कुठून आला, कोणाकडून आला आणि पुढे कोणाकडे निघाला आहे, हे शोधायचं त्यांचं काम. त्यांच्या आईला, म्हणजे याडीला, हे काही पटत नसे. याडी पाणी भरायला आलेल्या बायांना सांगायची, "पोरगी डॉक्टर हाय म्हणते, पण सुई देत नाही. नुसती इचारते. पोलिसात असन."

जीपमध्ये मागे त्यांचं एक लोखंडी घडीचं स्टूल असायचं. कुठे उलट्या लागल्या, कुठे ताप पसरला, की मॅडम उतरायच्या, स्टूल उघडायच्या, बसायच्या आणि समोरच्या सगळ्यांना सांगायच्या, "बसा." ओरडणारा असो, रडणारा असो, सरपंच असो. आधी बसायचं. "भ्या ना, मी कुठी नाही म्हणते? पण बसून भ्या. बसलेला माणूस पळत नाही. पळाला नाही तं रोग घेऊन फिरत नाही." मग त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. काय खाल्लं? कुठी गेलते? कोणासंग बसलते? उत्तर देणारा लाजला तर म्हणायच्या, "मले तुह्या भानगडीशी मतलब नाही. तू तिथं पाणी पेला का नाही, तेवढं सांग."

कांबळे सिस्टर एका लग्नाची गोष्ट फार रंगवून सांगतात. मॅडम त्या लग्नाला पाहुण्या म्हणून गेल्या होत्या, नवी साडी नेसून. जेवणं उठली आणि मांडवात एकेक जण पोट धरून वाकायला लागला. मॅडमनी स्टूल मागवलं, बरोबर मांडवाच्या तोंडाशी टाकलं आणि बसल्या. बाहेर वरात तयार, बँडवाले फुगे फुगवल्यासारखे गाल करून उभे. नवरदेवाचा काका तावातावाने आला. "मॅडम, मुहूर्त टळून राह्यला! वरात कायले अडवली?"

"वरात नाही अडवली. मठ्ठा पेलेले अडवले. कोण कोण पेलं मठ्ठा?"

सगळ्यांनी हात वर केले, काकांनीही केला. मठ्ठ्यातला बर्फ ज्या ट्रॉलीतून आला होता, तिच्यातून सकाळी खताची पोती उतरली होती, हे मॅडमनी ट्रॉलीवाल्याला समोर बसवून काढून घेतलं. एकटा नवरदेव उपाशी होता, त्याने मठ्ठा घेतला नव्हता. मॅडम म्हणाल्या, "मंग नवरदेव जाऊ द्या. बाकीचे बसा." आणि खरंच, नवरदेव एकटाच घोड्यावर, पुढे बँड, मागे कोणी नाही, अशी ती वरात गावातून गेली. बायको अजून त्याला ऐकवते म्हणे, "तुमच्या मागं तं एक माणूस नवता आला."

दुसरी गोष्ट त्यांच्याच तांड्यातली. नाल्याकाठी चरायला गेलेल्या बकऱ्या पटापट मेल्या. तोंडातून नाकातून काळं रक्त. इकडे त्याला फाशी म्हणतात. तोच रोग माणसाला झाला की काळपुळी. इंग्रजीत अँथ्रॅक्स. मेलेली बकरी टाकून देणं गरिबाच्या जिवावर येतं, सुऱ्या बाहेर निघाल्या होत्या. मॅडम पोचल्या आणि त्यांनी स्टूल टाकलं ते मेलेल्या बकऱ्या आणि सुरीवाले यांच्या मधोमध. सुरी धरलेला त्यांचा सख्खा काका.

"पोरी, उठ तिथून."

"उठते ना काका. खड्डा खणा, चुना आणा, मंग उठते. तोवर कापाचं असन तं मले कापा."

काका पण जिद्दी, मॅडम पण जिद्दी. ऊन चढलं, ऊन उतरलं. शेवटी याडी भाकर घेऊन आली आणि दोघांनाही शिव्या देत दोघांनाही वाढलं. काकाने जेवल्यावर कुदळ उचलली. माणसाचं पोट भरलं की तो जास्त वेळ रागावू शकत नाही, असं मॅडमचं मत. "तवापासून तो रोग मले वळखते," असं त्या काळपुळीबद्दल म्हणायच्या, जणू जुन्या वर्गातला कोणी वांड पोरगा.

म्हणूनच असेल, पण 'कोणी मुद्दाम जंतू पसरवले तर काय करायचं' असं प्रशिक्षण घ्यायचा वरून आदेश आला, तेव्हा साऱ्या जिल्ह्यात ते मन लावून घेणाऱ्या बहुतेक त्या एकट्या. तालुक्यातल्या सगळ्या कचेऱ्यांचे बाबू सभागृहात जमवले होते. मी पार्सल द्यायला गेलो, तर "मालवण, खुर्ची रिकामी हाय, बस," म्हणून मलाही बसवलं. मॅडमनी एका पाकिटात मैदा भरून आणला होता. तो त्यांनी पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या टेबलावर भस्सकन ओतला. साहेब उडाले. सभागृह हसलं.

"हासा," मॅडम म्हणाल्या. "आता सांगा, हा मैदा नसता तं काय केलं असतं?"

शेतीच्या कचेरीतले बोबडे बाबू मागून म्हणाले, "मॅडम, मोठमोठे शहरं सोडून इथं कोण हल्ला करते? कापूस पिंजाले येते काय थो?"

"हल्ला करणारा इथं नसन बी बोबडे. पण भेणारे तं हायेत ना? हे ट्रेनिंग त्यायच्यासाठी हाय."

मग त्यांनी सांगितलं. पंखा बंद. दार बंद. पळायचं नाही. त्यावर ओला कपडा हळूच टाकायचा. हात साबणाने धुवायचे, कपडे पिशवीत. "आन् फुंकायचं नाही."

"कोण फुंकते मॅडम!" बोबडे म्हणाले, आणि पुन्हा हशा.

मागल्या थंडीत, तुरीच्या शेंगा भरायच्या दिवसांत, एक जाड पाकीट माझ्या पिशवीत आलं. बोरी अरबहून निघालेलं, पत्ता शेतीच्या कचेरीचा. पाठवणाऱ्याच्या जागी मोठ्या अक्षरांत फक्त 'एक कास्तकार', म्हणजे शेतकरी. मी कचेरीत पोचून पिशवीत हात घातला तर हात पांढरा. पाकिटाचा कोपरा फाटला होता. माझा शर्ट, पाठ, मान, सगळीकडे पिठासारखं. बोबडे बाबूंनी पाकीट घेतलं, फोडलं, आत दुधाच्या जुन्या पिशवीत पावडर भरली होती, ती उचलली तशी फसकन टेबलावर रिकामी झाली.

आणि बोबडे बाबूंनी फुंकर मारली.

त्यांचाही दोष नाही. रोज कपाटातून फाइल काढायची, फुंकायची, टेबलावर ठेवायची, हे वर्षानुवर्षं केलेला माणूस. हात जाण्याआधी त्यांचं तोंड गेलं. पावडर उडाली, वरून पंखा फिरत होता, आणि मग एकदम त्यांनाच आठवलं. "अरे बाप्पा, थे ट्रेनिंग!" असं किंचाळून ते बाकावर चढले. का चढले ते त्यांनाही सांगता येत नाही. बाकीची कचेरी दाराकडे पळाली. दारात कोणीतरी म्हणालं, "पावडर आणणारा कोण? थो बाहेरचा कुरिअरवाला!" आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नाडी शोधत होतो.

गर्दी जमली. एक जण म्हणाला धरा त्याला, दुसरा म्हणाला हात नका लावू, आणि या दोघांच्या भांडणामुळे मी वाचलो. तेवढ्यात जीप आली. स्टूल आलं.

"बसा!" असा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. रस्त्यावरचे बसले. कचेरीतले बसले. बोबडे बाबू बाकावर होते ते बाकावरच बसले. एक कुत्रं होतं, तेही बसलं, खोटं नाही सांगत.

मॅडमनी तोंडाला मोठा मास्क लावला, हातमोजे चढवले, पंखा बंद करवला, आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "मालवण, भ्याला काय?"

"हो."

"बरं हाय. भेणारा माणूस ऐकते. शर्ट काढ, हळू, डोक्यावरून नाही, समोरून."

शर्ट कात्रीने कापून पिशवीत गेला. दवाखान्याच्या मागच्या अंगणात आम्हा दोघांना साबण लावून आंघोळ. थंडीचे दिवस, पाणी टाकीचं. बोबडे बाबू कुडकुडत म्हणत होते, "मॅडम, रोगानं नाही मेलो तं ह्या पाण्यानं मरीन."

"नाही मरणार. कानामागं घासा."

पावडर बंद डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात, तो तिसऱ्यात, असा यवतमाळला गेला. सगळ्या कचेरीला गोळ्या सुरू झाल्या, आणि पावडर अंगभर घेतलेल्या आम्हा दोघांना, लक्ष ठेवायला, दवाखान्याच्या टोकाची एक खोली मिळाली. दोन खाटा, एक खिडकी. खिडकीच्या बाहेर दिवसभर माणसं. कोणी फोटो काढत होतं. कोणी ओरडून विचारलं, "अजून जिते हायेत काय?" बोबडे बाबूंनी आतून उत्तर दिलं, "हाओ, तुह्या बापाले विचार!"

हवालदार आले. त्यांना आरोपी पाहिजे होता आणि जवळचा आरोपी मीच होतो. मॅडमनी त्यांना दारातच अडवलं. "आरोपी नाही इथं. पेशंट हायेत."

"पण मॅडम, पाठवलं कोणं, थो तं आरोपी ना?"

"थोबी पेशंट. त्यानंबी हात लावला असन ना पावडरीले?"

दुसऱ्या दिवशी यवतमाळहून फोन आला. मॅडम व्हरांड्यात बोलत होत्या आणि मी दाराला कान लावून होतो. सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारखे जंतू दिसले. बीजाणूवाले. काळपुळीच्या जंतूसारखेच. मोठ्या प्रयोगशाळेचा निकाल यायला वेळ लागेल.

मी खाटेवर बसलो आणि बसलोच. बोबडे बाबूंनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने म्हणाले, "कुरिअरवाले भाऊ, माफ करा, मी नुसतं फुंकलं हो." त्यांच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

बाहेर ती बातमी आमच्याआधी पोचली होती. खिडकीतली माणसं एकाएकी गायब. दुपारचं जेवण कोणीतरी काठीने ढकलत दारातून आत सरकवलं. घरमालकाने माझी गादी आणि ट्रंक गल्लीत काढून ठेवल्याचं कांबळे सिस्टरनी सांगितलं. मला तेव्हा मरणाची भीती होतीच, पण त्याहून वाईट वाटलं ते त्या काठीचं. कुडाळच्या पुढे माझं घर आहे, तिथे आई आहे, आणि इथे माझं ताट काठीने सरकतं आहे. असं मेलो तर मला हात कोण लावणार, हाच विचार डोक्यात फिरत होता.

संध्याकाळी दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. मास्क नाही. हातात त्यांचा डबा. माझ्या खाटेवरच बसल्या, पाय वर घेऊन.

बोबडे ओरडले, "मॅडम, लांब बसा!"

"कायले? काळपुळी माणसाची माणसाले श्वासातून लागत नाही, किती वेळ सांगितलं. पावडर होती तिथं मास्क लावला. आता पावडर धुऊन गेली, राहिले तुमी दोघं." त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची आमटी, ठेचा. "लागली असती तं मीबी नसती आली. मले रिटायर व्हायचं हाय." भाकरीचा अर्धा तुकडा माझ्या हातात, दुसरा बोबडेंच्या, आणि आमटी एकाच वाटीतून. आधी त्यांनी बुडवलं, मग मी.

मी विचारलं, "मॅडम, तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते ना. हा जंतू थोच निघाला तं काय, हेच सकाळपासून डोक्यात हाय. पण गोळ्या तुमाले वेळेवर चालू हायेत. वेळेवर गोळी घेतलेला माणूस वाचते. म्हणून जेवून राह्यली. उपाशी कायले भ्यायचं?"

तेवढ्यात आईचा फोन. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. "बाबू, जेवलंस?" तिने विचारलं आणि मी हातातल्या भाकरीकडे पाहिलं. मॅडमनी फोन ओढून घेतला.

"माय, मी आडे मॅडम बोलून राह्यली. तुमचं पोरगं माह्यापाशी हाय. काई भेऊ नका."

पलीकडून आईचा आवाज खोलीभर. "कोण गो तू? माझो झील खंय आसा?"

"हौ हौ, जेवून राह्यला. भाकर खाल्ली."

"भाकरी? थंय मासे नाय गावत?"

"मासे? धरणात हायेत, पण तुमच्यासारखे नाही." मॅडमनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "झील म्हणजे कोण?" मुलगा, मी म्हटलं. मग त्या पुन्हा फोनवर, "झील चांगला हाय तुमचा. जरा भेते."

"बापाशीवर गेलो," आई म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. काहीतरी तिच्या लक्षात आलं असावं. "बाये, तुझ्याजवळ आसा ना तो? मगे माका काय घोर नाय. तू एकदा माझ्या घराक ये. माझ्या हातचा जेवूक."

मॅडमना किती समजलं कोण जाणे. "हौ, हौ," एवढंच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी बोरी अरबच्या आजूबाजूच्या आशाताईंना निरोप पाठवला होता. पोलीस 'पाकीट कोणी पाठवलं' म्हणून विचारत फिरले, तेव्हा सगळा परिसर मुका झाला होता. मॅडमचा निरोप वेगळा होता: ज्यानं पांढरी पावडर पाकिटात भरली त्याच्या जिवाला धोका असू शकतो, त्यानं लवकर गोळ्या घेऊन जाव्या. बस्स.

सकाळी दवाखान्याच्या अंगणात मोटरसायकल थांबली. पुढे टोपीवाले देवरावभाऊ, मागे त्यांची बायको, डोळे रडून लाल, मांडीवर एक पुठ्ठ्याचा डबा. देवरावभाऊ उतरले तेच भांडायच्या तयारीने.

"मॅडम कोण हाय? मीच पाठवलं थे पाकीट! शेतीवाल्या साहेबानं पाहावं म्हणून पाठवलं. तुरीवरच्या अळीसाठी आणली होती पावडर. सारं वावर फवारलं, एक अळी मेली नाही! आन् तुमी म्हणता माणसं मरून राह्यले? अळी मरत नाही तिथं माणूस कसा मरन?"

"मंग नाव काहून नाही टाकलं पाकिटावर?"

देवरावभाऊंनी एकदा मागे बायकोकडे पाहिलं. मग आवाज उतरवून, "दुकान माह्या साळ्याचं हाय मॅडम. नाव टाकलं असतं तं घरात लढाई."

मागून बायकोचा आवाज आला. "काय म्हणाले? माह्या भावाची तक्रार केली तुमी? सरकारात?"

"अवो तसं नाही..."

"रात्रभर मी रडून राह्यली, माणूस मरते म्हणून! आन् हे माह्या भावाची..."

"बाई, तू बस आधी," मॅडम म्हणाल्या. "देवराव, तुमी थोडे लांब बसा. बायकोपासून."

पावडरीच्या डब्यावरचा मजकूर मॅडमनी चष्मा लावून वाचला आणि त्या हसायला लागल्या. पोट धरून. आम्ही खिडकीतून बघत होतो. आम्हाला वाटलं मॅडमच्या डोक्यावर परिणाम झाला. ती पावडर जिवाणूंची होती. अळीने ती खाल्ली की अळीचं खाणं बंद पडतं आणि ती मरते. माणसाला तिचं काही नाही. आणि तो जिवाणू म्हणजे काळपुळीच्या जंतूचा सख्खा चुलतभाऊ. सूक्ष्मदर्शकाखाली दोघं सारखेच दिसतात.

"एक भाऊ गुंड, दुसरा वावरात राबणारा," मॅडम म्हणाल्या. "आन् पोलिसानं चेहरा पाहून गरिबाले धरलं."

बोबडे बाबू खिडकीतून ओरडले, "मंग सोडा आमाले!"

"नाही."

"आता काहून?"

"देवराव म्हणते म्हणून नाही सोडत. डबा म्हणते म्हणूनबी नाही. पाकिटात काय होतं थे जंतू सांगन तवा."

आणि खरंच, त्यांनी नाही सोडलं. गोळ्या चालू. देवरावभाऊंनाही गोळ्या, आणि त्यांची बायको त्या मोजून देत होती, जरा जास्तच जोरात. मधल्या वेळात मॅडमनी देवरावभाऊंना विचारून काढलं की त्यांनी फवारा भर दुपारच्या उन्हात मारला होता आणि अळ्या तासाभरात मराव्या म्हणून बांधावर बसून राहिले होते. "थे संध्याकाळी मारतात भाऊ. उन्हात हा जिवाणू टिकत नाही. आन् अळीले मराले दोन-तीन दिवस तं द्या. तुमाले तरी एवढ्यात मरता येते काय?"

मग मोठ्या प्रयोगशाळेचा फोन आला. मॅडम धावतच खोलीत आल्या. "पोहते!"

"कोण?"

"जंतू! पाण्याच्या थेंबात टाकला तं पोहून राह्यला. काळपुळीचा जंतू पोहत नाही, जागचा हालत नाही. बाकीच्याबी तपासण्या जुळल्या. हा देवरावचाच हाय!" आणि माझ्या पाठीवर जोरात थाप. "मालवणच्या माणसाले पोहणाराच जंतू भेटन ना!"

"मॅडम, मला पोहता येत नाही," मी म्हटलं.

त्यांना हे फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

आम्ही सुटलो, पण गाव सुटलं नव्हतं. कागद आला म्हणून भीती जात नाही, हे मॅडमना माहीत होतं. त्या मला म्हणाल्या, "चाल." आणि बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, माझ्या खांद्यावर हात टाकून त्या सगळ्या बाजारातून चालत निघाल्या. भाजीवाल्या बायका बघत होत्या. चहाच्या टपरीवर त्यांनी एक चहा मागितला, अर्धा बशीत ओतून मला दिला, अर्धा आपण प्यायल्या. मग बशी माझ्याकडून घेऊन तिच्यातला उरलेला घोटही संपवला. टपरीवाला बघतच राहिला.

"काय पाहून राह्यला? अजून एक दे. ह्याच बशीत."

घरमालकाकडे गेल्या, आणि सरळ गल्लीतल्या माझ्या ट्रंकेवर बसल्या. मालक चहा घेऊन आला, मग पाणी घेऊन आला, मग लाजला, मग गादी स्वतः उचलून आत नेली. मॅडम म्हणाल्या, "भ्याले तुमी, त्यात काही नाही. सारेच भेतात. आता निघा त्यातून बाहेर." बोबडे बाबूंना मात्र कचेरीत अजून कोणी फाइल फुंकू देत नाही. शिपाई लगेच ओरडतो.

मॅडमची शेवटची भेट यवतमाळच्या बसस्टँडवर झाली. त्या निवृत्त झाल्या होत्या आणि याडीला घेऊन नातेवाइकांकडे निघाल्या होत्या. मी पार्सलं उतरवत होतो. "मालवण!" अशी हाक आली आणि अख्खं स्टँड वळलं. याडी बाकावर बसून संत्रं सोलत होती. मॅडमनी ओळख करून दिली, "याडी, हा तो पावडरवाला." याडीने मला खालून वर पाहिलं, हातावर संत्र्याच्या दोन फोडी ठेवल्या आणि मॅडमकडे बघून म्हणाली, "ह्याले तरी सुई दिलती काय?"

"नाही, गोळ्या."

याडीने कपाळाला हात लावला.

बस लागली. मॅडमनी आधी याडीला चढवलं, मग स्वतः चढल्या. मी खिडकीखाली उभा. आभार मानायचे होते, किती दिवस मनात जुळवत होतो, पण तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, "मॅडम, आई विचारते, कधी येणार जेवायला?"

"तुह्या मायचं मले अर्धं समजलं नवतं रे," त्या हसल्या. "पण जेवाले बोलावलं तेवढं समजलं. लय लांब हाय पण तुह्यं गाव. याडीले सोडून कशी येऊ?"

बस हलली. मॅडम आत याडीच्या पदराला लागलेली संत्र्याची साल काढत होत्या, आणि याडी त्यांच्या हातावर चापट मारत होती. तेवढंच दिसलं.

मॅडम, हे कधी तुमच्यापर्यंत पोचलं तर वाचा. मी गाडी शिकतो आहे, चारचाकी. गिअर बदलताना अजून गाडी बंद पडते, पण शिकीन. परवाना मिळाला की एका सुट्टीत गाडी घेऊन तांड्याच्या तोंडाशी येईन. याडीला मागे आडवं होता येईल अशी गाडी आणीन. वाटेत थांबत थांबत जाऊ, तुम्ही म्हणाल तिथे. आईने चूल पेटवलेली असेल. ती तुम्हाला आणि याडीला वाढील आणि मी शेजारी बसेन. त्या दिवशी जी भाकर तुम्ही माझ्या खाटेवर बसून मोडलीत, तिची परतफेड एका जेवणाने होणार नाही, हे मला कळतं. पण सुरुवात तिथून करीन. येईन, मॅडम. नक्की येईन.